चाटून सांगणारा

सन २०२३, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शेलूला मुलाच्या घरी समुद्री माशांची खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्या शेजारी, गावाहून मांडीवर ठेवून आणलेला माझा माठ. दोन्हींच्या मधे रोज पाणी साचायचं. सून म्हणाली, "बाबा, तुमचा माठ गळतो. फेकूया." माझा माठ गळणं शक्यच नाही.

टाकी दुरुस्त करणारा आला. हत्यारांची पिशवी त्यानं उघडलीच नाही. फरशीवर बोट टेकवलं, डोळे मिटून चाटलं, चूळ भरली, पुन्हा चाटलं.

"गोडं हाय, बाबा. टाकीचं असतं तर खारट लागलं असतं."

"तुझी जीभ बिघडली असंल."

"या जिभंवरच माझं घर चालतं. लागंल तेच सांगनार."

माणूस सच्चा, हे मला पटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच मी माठात दोन मुठी मीठ टाकलं आणि त्याला परत बोलावलं.