चिठ्ठीतली अमिषा

वटार गावच्या ग्रेसीला मान खाली घालून चालताना कोणी पाहिलं नव्हतं. चर्चमधली सकाळच्या प्रार्थनेची मिस्सा चुकायची नाही, संध्याकाळी रोझरीची माळ चुकायची नाही, आणि गावात कुणाकडे मयत झालं की पहिला चहाचा थर्मास तिच्याच घरून जायचा. नवरा स्टॅनी मोगऱ्याच्या वाडीत राबणारा, दिवसाला दहा शब्द बोलणारा. एकुलती एक लेक अमिषा स्कॉलरशिप मिळवून स्कॉटलंडला शिकायला गेली, आणि तिथून ग्रेसीच्या सरळ वाटेला फाटा फुटला.

वटारातल्या पोरी परदेशी गेल्या की बहुतेक नर्स व्हायच्या. समोरच्या इनेझची बेला आयर्लंडला नर्स होती. अमिषा मात्र मानववंशशास्त्र शिकायला गेली. या शब्दाशी ग्रेसीची जीभ पहिल्याच दिवशी अडखळली. इनेझ माहेरची पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली, आवाज होडीवरून हाक मारल्यासारखा. तिनं चर्चच्या पायरीवर सगळ्यांदेखत विचारलं,

"काय शिकते गं तुझी पोर तिकडं?"

"ते... माणसांबद्दलचं आहे काहीतरी."

"मग नर्सिंगच ना! सांगायला एवढी का लाजतेस? कोन दृष्ट लावनारे?"

ग्रेसी हसली. हसली म्हणजे हो म्हणाली, असंच पायरीवरच्या सगळ्यांनी धरलं. नाही म्हणायला एक क्षण होता, तो तिनं जाऊ दिला.

पुढं अमिषाचा वाढदिवस आला. मिस्सेत आपल्या माणसासाठी प्रार्थना मागायची तर चर्चच्या ऑफिसातल्या कारकून सॅन्टनकडे चिठ्ठी लिहून द्यायची, आणि फादर रविवारी ती आल्तारावरून, म्हणजे वेदीवरून, वाचून दाखवणार, हा गावचा रिवाज. सॅन्टननं पेन उघडून विचारलं, "काय शिकते म्हणून लिहू?" मागं रांगेत इनेझ उभी.

"नर्सिंग," ग्रेसी म्हणाली.

रविवारी फादरांनी खणखणीत वाचलं, "परदेशात नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्या अमिषासाठी." भरलं चर्च म्हणालं, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." आजवर माणसांना फसवलं होतं. आज अख्ख्या गावाच्या तोंडून देवाला खोटं सांगितलं.

एक गोष्ट तर ती साफ विसरली होती. चर्चची मिस्सा आता यूट्यूबवर पडते. अमिषा दर रविवारी उठली की चहा घेता घेता तीच लावते आणि मग घरी फोन करते. त्या दुपारीही फोन आला.

"मम्मी, मी नर्स कधी झाले गं?" पोरगी आधी हसली. मग हसू विझलं. "माझ्या शिक्षणाची लाज वाटते तुला?"

"हॅलो... आवाज तुटतोय बघ," ग्रेसी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. आवाज चांगला स्वच्छ येत होता. समोर भात कालवत बसलेल्या स्टॅनीनं वर बघितलं आणि परत भातात बोटं घातली.

पुढचा रविवार फोनशिवाय गेला. एक मेसेज आला तेवढा: "मिस्सा बघणं सोडलंय. तिथं माझ्या नावानं दुसऱ्याच कुणासाठी प्रार्थना होते."

त्याच्या पुढच्या रविवारी मिस्सेत ख्रिस्तशरीराचा प्रसाद घ्यायला रांग लागली आणि ग्रेसी बाकावरून उठलीच नाही. पस्तीस वर्षांत असं झालं नव्हतं. गावात याचा अर्थ एकच, मनावर पाप आहे. शेजारून इनेझ कुजबुजली, पण तिची कुजबुज म्हणजे तीन बाकांना ऐकू जाणारी.

"काय गं, बरं नाय का? का स्टॅनीशी भांडलीस?"

ग्रेसीनं डोक्यावरची ओढणी पुढं ओढली. कान भाजत होते.

शनिवारी ती कुमसारला, म्हणजे पापाची कबुली द्यायला गेली, गुडघे टेकून सगळं सांगून मोकळी झाली. फादरांनी क्षमेची प्रार्थना म्हटली, प्रायश्चित्त म्हणून माळ जपायला सांगितली. पण बाहेर येऊन माळ जपताना तिला कळलं, देवानं पुसलं तरी ती चिठ्ठी गावच्या कानात तशीच आहे, आणि लेकीच्याही. तिथंच चर्चच्या भिंतीला टेकून तिनं फोन लावला.

"अमिषा, ठेवू नको. तू नक्की काय शिकतेस ते हळू सांग. मी लिहून घेते."

 पलीकडून एकेक अक्षर आलं. वाण्याच्या यादीमागे ग्रेसीनं ते उतरवलं.

"आणि त्यात करतात काय?"

"माणसं कशी राहतात, कशाला मानतात, कशाची लाज धरतात, ते त्यांच्यात बसून समजून घ्यायचं."

"लाजेचासुद्धा अभ्यास असतो?"

"असतो ना."

"मग घरापासूनच सुरू करायचा होतास, बाय," ग्रेसी म्हणाली. "उद्याची मिस्सा तेवढी बघ."

ऑफिसात जाऊन तिनं स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिली. सॅन्टननं वाचली, चष्मा काढला, परत लावला.

"ग्रेसीबाय, हे शेवटचंसुद्धा वाचायचं?"

"शेवटचं तर वाचायचंच."

रविवारी फादरांनी चिठ्ठी हातात घेतली. "स्कॉटलंडमध्ये मानववंशशास्त्र शिकणाऱ्या अमिषासाठी. आणि तिच्याबद्दल या चर्चमध्ये खोटं सांगणाऱ्या तिच्या आईसाठी."

माना वळल्या, बाकं करकरली. ग्रेसीला वाटलं, फरशी दुभंगेल तर बरं. शेवटी एकच आवाज उठला, होडीवरून हाक मारल्यासारखा: "प्रभू, आमची प्रार्थना ऐक!" मग त्याच्यामागून सगळे.

ख्रिस्तशरीराची रांग लागली तेव्हा इनेझनं कोपर मारलं. "ऊठ. आनि शब्द कसला गं तो? मला पन शिकव. बेलाला सांगायला पायजे." ग्रेसी उठली, पण आल्तारापर्यंत तिची नजर स्वतःच्या चपलांवरून हलली नाही.

दुपारी तिनं फोन मांडीवर घेतला. स्टॅनी मोगऱ्याला पाणी सोडायचं सोडून दारात उभा राहिला. तीन वाजले, सव्वातीन झाले. मग वाजला.

आधी अमिषानं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"मम्मी, बघितली मिस्सा. आवाज येतोय का?"

"येतो," ग्रेसी म्हणाली. "मागेही येत होता."