दानिनचा जबडा

आमचे काका, लान पाओतिंग, गावातल्या मेलेल्यांची हाडं पुसायचे. पुरल्यावर चारेक वर्षांनी आमच्यात कबर उघडतात, हाडं स्वच्छ करतात आणि मडक्यात माणूस उकिडवा बसवावा तशी रचतात. पाय तळाशी, कवटी वर. एखादं हाड राहिलं तर मेलेला कायमचा अधू. काका या बाबतीत भारी खडूस. बोटाच्या एका पेरासाठी अख्खी दुपार माती चाळत बसायचे, आणि कुणी ‘पुरे आता’ म्हटलं की विचारायचे, “तुझं बोट घालू का त्याच्या जागी?”

तरुणपणी ते दुसरीच हाडं काढत. आमच्या डोंगरातल्या गुहांत दगड झालेली हाडं सापडतात, आम्ही त्यांना ड्रॅगनची हाडं म्हणतो. औषधवाले ती वजनावर घेत. झोपेत दचकणाऱ्या पोरांना त्यांचाच काढा देतात. काकांची एकुलती एक लेक दानिन, सहा वर्षांची, झोपेत किंचाळायची. काकांनी गुहेतून आणलेला एक छोटा जबडा मधोमध फोडला, उजवी बाजू खलात कुटून तिला पंधरा दिवस पाजली. डावी बाजू पुढच्या वेळेला लागेल म्हणून छपरात खोचली. पुढची वेळ आलीच नाही. पोर तापात गेली.

लहान पोरांचं आमच्यात मडकं करत नाहीत. पुरतात आणि विसरतात. विसरतात म्हणे. काकूने ‘खणू नका’ म्हणून हातापाया पडून पाहिलं, गावाने नाकं मुरडली, पण ऐकतील तर ते काका कसले! चार वर्षांनी खणलं तर दानिनचा खालचा जबडा मातीत विरून गेलेला. तोंड नाही तर पोर नैवेद्य खाणार कशी? काकांनी छपरातला तो अर्धा जबडा काढला, तिच्या कवटीखाली बसवला आणि मडकं बंद केलं. मग दरवर्षी तिसऱ्या महिन्याच्या तिजेला, आमच्या पितरांच्या सणाला, तिच्यापुढे पाच रंगांचा भात आणि कोंबडीची तंगडी.

तीसेक वर्षांनी नानिंग शहरातून फू नावाच्या एक संशोधक बाई जुन्या हाडांसाठी आमच्या गुहा खणायला आल्या. वाट दाखवायला काका, भाकरतुकड्याचं बघायला मी. एकदा जेवताना बाईंनी तळहातावर एक दाढ धरली. हा पांडाचा पूर्वज, म्हणाल्या, वीस लाख वर्षांपूर्वीचा, आताच्याच्या निम्मा. दाढेवरचे हे उंचवटे बघा, तेव्हाही बांबूच चघळत होता. पण नुसत्या सुट्या दाढांवर कोण विश्वास ठेवतो? जबडा हवा.

काकांनी हातातली वाटी खाली ठेवली. ती दाढ त्यांनी ओळखली होती.

“बांबूच? भात, कोंबडी काही नाही?”

“भात तेव्हा होता कुठे, आजोबा?” बाई हसल्या.

त्यानंतर काकांचं अन्नावरचं मनच उडालं. शेवटी एक दिवस त्यांनी मला सगळं सांगितलं आणि म्हणाले, “तोंड त्याचं आहे गं. तीस वर्षं माझी पोर उपाशी बसलीय.”

काहीतरीच काय काका, असं मी म्हटलं खरं, पण अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? त्या वर्षी त्यांनी कोंबडीशेजारी बांबूचे कोवळे कोंब ठेवले. दुसऱ्या दिवशी कोंब गायब. उंदीर असतील, मी म्हटलं.

“मग कोंबडी का सोडली त्यांनी?” काका म्हणाले.

मडक्यात आपली लेक बसलीय की ते जनावर, या विचाराने त्यांचा जीव अर्धा झाला. बंद केलेलं मडकं पुन्हा उघडणं हे आमच्यात महापाप. जन्मभर इतरांना तेच बजावणाऱ्या काकांनी ते उघडलं आणि जबडा बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

“याची उजवी बाजू कुठाय?”

“माझ्या मुलीने प्यायली.”



दानिन पुन्हा बिनतोंडाची झाली. घरी येताना काका म्हणाले, “माझी हाडं तूच काढशील, गावची पोरं सगळी गेलीत कारखान्यांत. माझा जबडा तिला दे. मी खाल्लंय पोटभर.”

“आणि तुम्ही?”

“मी बघीन माझं.”

बायकांनी हाडांना हात लावायचा नसतो. मी लावला. काका जाऊन पाच वर्षं झाली होती. जबड्यात चार दात उरलेले, आणि दानिनच्या इवल्या कवटीला तो इतका मोठा, की दोऱ्याने बांधून बसवावा लागला. मग तिच्यापुढे तंगडी ठेवली, आणि सवयीने काकांच्या मडक्यापुढे दारूचा पेला भरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी गेले तर तंगडी नव्हती, भातही चिवडलेला. काकांचा पेला काठोकाठ तसाच.