डाव्या हाताचं अंगण

फोटोवाल्या अप्पांना माणसांचा कंटाळा होता, आणि त्यांचं पोट मात्र माणसांचे फोटो काढण्यावरच चाले. डोणगावात माझ्या पिठाच्या गिरणीला लागून त्यांचा स्टुडिओ होता. गिऱ्हाईक कोटाची बटणं लावून, श्वास रोखून खुर्चीत बसे आणि अप्पा त्याच्या मागच्या भिंतीवरचा पोपडा बघत राहत. बिचारा लालबुंद झाला की मग कुठे खटका दाबत.

तरी गिऱ्हाईक तुटत नसे, कारण अप्पा जे मागाल ते करून देत. टकलावर केस, ओठावर मिशी, गालावरचा व्रण गायब. एका नवरदेवाने भांग दुसऱ्या बाजूला हवा म्हणून हट्ट धरला, तर अप्पांनी फिल्म उलटी ठेवून अख्खा नवरदेवच फिरवून दिला. त्याचं घड्याळ दुसऱ्या मनगटावर गेलं. घरच्यांना तो फोटो फार आवडला. मी म्हटलं, अप्पा, ही लबाडी झाली. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, त्याले खरं पाहाचं असन तर घरी आरसा हाये ना."

हौसेचे फोटो मात्र वेगळे. माझ्या गिरणीतल्या कोळिष्टकांवर साचलेलं पीठ, तळ्याचा भेगाळलेला गाळ, कढईच्या बुडाची काजळी. तेही इतक्या जवळून की बघणाऱ्याला काही म्हणता काही कळू नये. हे काय आहे, असं विचारलं की "याच्यात कोनी नाही" एवढंच सांगत. सांगताना त्यांचा चेहरा सुट्टी लागलेल्या मास्तरासारखा होई.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि जो तो काहीतरी साजरं करायला निघाला होता. आमच्या सरपंचांनी जत्रेत चावडीच्या बाहेरच्या भिंतीवर अप्पांचे मोठे फोटो लावायचं ठरवलं. गावाला वाटलं, आता आपले चेहरे लागणार. सरपंचांनी तर मधली जागा स्वतःसाठी राखून ठेवायला सांगितली. अप्पा बुलढाण्याला गेले, हौसेचेच फोटो मोठे करून आणले, आणि मधोमध एक अंगण लावलं.

त्या अंगणाची गोष्ट अशी. अप्पांची बायको, आमच्या वैनी, डावखुऱ्या. अप्पांच्या आईला सगळं गाव मायबाई म्हणे. देवाधर्मात, सणासुदीला, चारचौघांत डावा हात चालायचा नाही, हा मायबाईंचा कायदा. म्हणून समोरचं अंगण वैनी उजव्या हाताने सारवत, ते वेडंवाकडं होई, आणि मग त्यावरून बोलणी खात. मागच्या अंगणात कोणी फिरकत नसे. तिथे त्या डाव्या हाताने सारवत. बोटांच्या कमानी एकीला एक लागून अशा उमटत की पाय ठेवायला जीव धजत नसे. अप्पांनी फोटो काढला तो याचा. त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं की याच्यातही कोणी नाही.

जत्रेत पुरुष भिंतीसमोर उभे राहून आपापलं तोंड शोधू लागले. एकाला गाळाच्या भेगांत आपल्या शेताचा बांध दिसला, आणि त्याने तिथल्या तिथे शेजाऱ्याशी जुनं भांडण उकरून काढलं. सरपंच चष्मा पुसून पुसून अंगणात स्वतःला शोधत होते. मग बायका आल्या. ज्यांचा जन्म सारवण्यात गेला, त्यांना कमान कुठल्या बाजूला वळते हे काय सांगावं लागतं? गावात डाव्या हाताची एकच. तोंडाला पदर लावून हसणं सुरू झालं आणि दुपारपर्यंत वैनींच्या हाताचा जत्राभर बभ्रा झाला.

मायबाईंनी घर डोक्यावर घेतलं. वैनी डोळे सुजवून माझ्याकडे आल्या, आणि मला मध्यस्थ म्हणून घेऊन स्टुडिओत शिरल्या. त्यांचं मागणं साधं होतं. फोटो उतरवला तर लोक आणखी बोलतील. त्यापेक्षा बुलढाण्याला जा, त्या नवरदेवासारखी फिल्म उलटी ठेवा, दुसरा फोटो आणा. कमानी फिरतील, हात उजवा होईल, विषय मिटेल. मला ते पटलं आणि मी तसं म्हटलंही.

अप्पा टेबलावरची काच पुसत राहिले.

"गावाचे डोळे सरळ केले, दात बसवले, मिशा लावल्या. समदं केलं. तुहा हात मी नाही फिरवत."

"लोकं हासतात मले," वैनी म्हणाल्या.

"हासू दे. मले तो तसाच पाहाचा हाये."

नवराबायकोचं इतकं बोलणं माझ्यासमोर व्हायला नको होतं. गिरणीचा पट्टा बघून येतो असं सांगून मी उठलो. गिरणी बंद होती.

फोटो जत्रा उठेपर्यंत भिंतीवर राहिला. तेवढे दिवस वैनी अप्पांशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढत, पण उजव्या हाताने आणि मुद्दाम सांडत. पुढे बोलू लागल्या. मायबाईंचा कायदा मात्र तसाच राहिला. फोटोने कुठे घरं सुधारतात?

काही वर्षांनी अप्पा गेले. ऐन लग्नसराईत, कॅमेऱ्याच्या मागे उभे असताना छातीत कळ आली आणि संपलं. मला ते फार लागलं, अजूनही लागतं. इतका निरुपद्रवी हट्टी माणूस मला पुन्हा शेजारी मिळाला नाही. त्यांना घरी आणायच्या आधी मी पुढे गेलो होतो. ठेवायची जागा सारवायची होती. शेजारणी पदर खोचून पुढे झाल्या, तर मायबाईंनी हातानेच त्यांना थांबवलं. भिंतीला धरून त्या उठल्या. शेणाचं घमेलं उचलवेना, तेव्हा ओढत ओढत वैनींपर्यंत आणलं.

"तूच सारव," त्या म्हणाल्या. "पोराले तुहा हात आवडे."

वैनींनी सवयीने उजवा हात घमेल्यात घातला. म्हातारीने तो मनगटाला धरून बाहेर काढला, आपल्या पदराने पुसला, आणि घमेलं त्यांच्या डाव्या अंगाला सरकवलं.