साठ फुटांचं माप

माझी आक्का चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिचं शिवणकामाचं दुकान तिच्या घराच्या दारातून दिसतं. पाटीवर बसलेली माशीसुद्धा दिसते, असं ती म्हणते. मला पाटीच धड दिसत नाही, पण मोठ्या बहिणीशी वाद घालण्याएवढा मी अजून मोठा झालेलो नाही. तर घर रस्त्याच्या अलीकडे, दुकान पलीकडे, मधे साठ फुटांचा रस्ता. चाळीस वर्षं ती तो ओलांडत आली. मग रस्ता सुधारला.

सुधारला म्हणजे मधोमध दुभाजक घातला आणि त्यावर छातीइतकी उंच लोखंडी जाळी ठोकली, गाड्यांना कुणी आडवं येऊ नये म्हणून. आता समोरच्या दुकानात जायला आक्काने डाव्या हाताला अर्धा किलोमीटर चालायचं, वळणावर जीव मुठीत धरून पलीकडे जायचं आणि तेवढंच परत उलटं यायचं. फुटपाथ आहे, नाही असं नाही. त्यावर दुचाक्या नांदतात. माणसांनी खाली उतरून गाड्यांच्या अंगाला अंग घासत चालायचं. एवढी पायपीट करून ती दुकानात पोचली की पहिला अर्धा तास मशीनला हात लावायचं त्राण उरायचं नाही.

त्यात एकदा ती वळणावर धडपडली. कोपर खरचटलं, एवढंच. पण भाच्याने, म्हणजे तिच्या मुलाने, हट्टच धरला.

“आई, तीन महिने. तेवढ्यात समोरून जायला वाट झाली तर ठीक. नाहीतर दुकानाला कुलूप.”

“तू कोण कुलूप लावणारा? दुकान तुझं आहे का?”

“गुडघे तुझे आहेत. पण दवाखान्याच्या बाकड्यावर मला बसावं लागतं.”

आक्का गप्प बसली. ती ओरडते तेव्हा मी निर्धास्त असतो, गप्प बसली की मला धडकी भरते. दुकान गेलं तर ही बाई चार भिंतींत वेडी होईल, हे मलाही कळत होतं आणि भाच्यालाही.

तिने अर्ज केला. तीन आठवड्यांनी नगरपालिकेचा मोजणीदार आला. घडीची खुर्ची उघडून जाळीसमोर बसला, हातात टकटक वाजणारं मोजायचं यंत्र. या जागी दिवसभरात किती माणसं रस्ता ओलांडतात ते मोजायचं, माणसं पुरेशी भरली तर वाट उघडायची, असा नियम. संध्याकाळी आक्काने विचारलं, “किती भरली?”

“तीन. जाळीचा एक गज वाकलाय, त्यातून गेली.”

“अहो, जाळी आहे म्हणून माणसं जात नाहीत!”

“ते बरोबर आहे आजी. पण जात नाहीत ना?”

“मगाशी कुत्रं गेलं, ते धरलंत का?”

“नाही. प्राण्यांचा रकाना वेगळा असतो.”

माणूस वाईट नव्हता. पण मला वाटलं, हा विहिरीवर झाकण घालून विचारतोय, इथे पाणी कुणी का भरत नाही. पंधरा दिवसांनी पत्र आलं: सदर ठिकाणी पादचाऱ्यांची गरज आढळून आली नाही. आक्काने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाली, “शेंडेफळा, उद्या सकाळी सातला ये. येताना तुझी टोपी घालू नकोस, लोक हसतात.”

सातला गेलो. ती दारात स्टुलावर बसलेली, मांडीवर पिवळ्या अस्तराच्या चिंध्यांची पिशवी. वळणाकडे निघालेल्या प्रत्येकाला ती हाक मारायची, “इकडे या, बाही पुढे करा,” आणि एक चिंधी टाचायची. टाचण्या पुरवायचं खातं माझ्याकडे. पलीकडे, तिच्या दुकानाला लागून इस्त्रीवाल्याची टपरी आहे. चिंधी लावलेलं माणूस वळसा घालून तिथे आलं की तो ती उतरवून उशीच्या अभ्र्यात टाकायचा. ज्याला समोर जायचं नव्हतं, त्याची चिंधी त्याच्यासोबत गेली. ती धरली नाही. आक्का अशा बाबतीत कडक.

शाळेतल्या बाई आल्या, पाळणाघराच्या मावशी आल्या, कुबड्यांवरचा एक घड्याळजी आला. “काय हो, लग्न आहे की काय?” त्याने विचारलं. आक्का म्हणाली, “रस्त्याचं. तुम्ही मुलाकडचे.” दुपारी इस्त्रीवाला पलीकडून ओरडला, “आक्का, अभ्रा भरत आला! शर्ट कधी करू मी?” संध्याकाळी सातपर्यंत सहाशे एकेचाळीस चिंध्या जमल्या.

तो अभ्रा आम्ही रस्ते खात्याच्या इंजिनिअर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. साहेब तरुण, चष्मा, समोर शहराचा नकाशा. नकाशात आमचा रस्ता जाड पिवळा, आणि फुटपाथ शोधूनही सापडेना.

“हे आमच्या नमुन्यात बसत नाही, आजी.”

“मग नमुना थोडा सैल करा. मी रोज करते.”

साहेबांनी अभ्र्यात हात घातला, चिंध्या चाळल्या, आणि म्हणाले, “एवढी माणसं एक एक किलोमीटर चालतात?” आक्काने अभ्रा त्यांच्याकडे आणखी सरकवला.

वाट मंजूर झाली. जाळी कापली, पांढरे पट्टे मारले, चालणाऱ्यांसाठी सिग्नल लावला. मुदतीला नऊ दिवस बाकी होते. आम्ही दारात उभे, हिरवा माणूस पेटला, आक्का निघाली. दुभाजकापाशी पोचली आणि माणूस लाल. फक्त दहा सेकंद! मागे येता येईना, पुढे जाता येईना, दोन्हीकडून ट्रक. मधल्या दगडावर ती दोन मिनिटं उभी. दारातून भाचा ओरडला, “आई, झाली का वाट?”

“अर्धी!”

“अर्धी चालणार नाही. नऊ दिवस आहेत!”

मी सांगतो, या देवमाणसांनी सहाशे माणसांसाठी दार उघडलं आणि उंबरठ्यावर अडसर लावला. आक्काने साहेबांना फोन केला. “माप चुकलंय. येऊन बघा.”

साहेब आले. गाड्यांना लाल दिवा लागलेला पाहून आक्काने टेप काढला. एक टोक मी धरलं, दुसरं इस्त्रीवाल्याने, आणि दर लाल दिव्याला थोडं थोडं पुढे सरकत मोजलं. साठ फूट. मग दुचाक्या बाजूला सारून फुटपाथवर तिची चाल मोजली. सेकंदाला तीन फूट. भागाकार मी केला; आमच्या गावच्या शाळेत पाढे चुकले की बाहेर उभं करायचे.

आक्का साहेबांना म्हणाली, “वीस सेकंद लागतात. तुम्ही कुणाच्या चालीवर दहा धरलेत?”

“सरासरी धडधाकट माणसाच्या.”

“तो माझ्याकडे मापाला कधी आला नाही.”

मग ती साहेबांचा हात धरून निघाली. दुभाजकावर दोघं अडकले. पलीकडे साहेबांचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, खिशात फोन वाजतोय, दोन्ही अंगांनी धूळ. आक्का शांतपणे दगडावर बसली, पिशवीतून ब्लाउज काढला.

“साहेब, सुई ओवता का? मला लांबचं दिसतं, जवळचं नाही.”

बस, ट्रक, टँकर जात होते आणि साहेब वाकून दोरा ओवत होते. तीनदा चुकला. हिरवा झाला तेव्हा सुई ओवून झाली होती, पण साहेब म्हणाले, “थांबा, गाठ मारतो,” आणि तो हिरवाही गेला.

सातव्या दिवशी सिग्नल बदलला. अठरा सेकंद. गाड्यांची रांग लागते म्हणून दोन कमी, असा निरोप आला. शेवटचे दोन सेकंद इस्त्रीवाला रस्त्यात उतरून हात आडवा धरतो. गाडीवाले त्याला शिव्या देतात, तोही उधार ठेवत नाही.

भाच्याने तिला दोनदा पलीकडे जाताना पाहिलं आणि खिशातलं कुलूप तिच्या हातात दिलं. “हे दुकानालाच लाव. रात्री.”

आक्काने ते घेतलं आणि मापाच्या वहीचं पान फाडून माझ्यापुढे धरलं. त्यावर लिहिलं होतं: रस्ता, साठ फूट. दिलेलं, अठरा. लागणारं, वीस. कापड कमी पडतंय.

“हे साहेबांना नेऊन दे,” ती म्हणाली, “आणि वळणावरून जाऊ नकोस. समोरून जा.”