मीनाताईंची शिफारस मी दाबून ठेवली

मीनाताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो माझ्या प्रोफाइलचा.

लाज वाटते लिहायला. पण तसंच झालं.

आज महिना झाला. आज लिहितेय.

मी अश्विनी, स्पीच थेरपिस्ट. ज्या मुलांना बोलायला उशीर होतो त्यांच्यासोबत काम करते. नवरा फौजेत, दर दोन-तीन वर्षांनी बदली. नवं गाव, नवं क्वार्टर, आणि तिथे मला कुणी हिंग लावूनही विचारत नाही.

चंदीगडला मीनाताई भेटल्या. मूळच्या नागपूरच्या, माझ्याच कामातल्या, आयुष्य इथेच गेलेलं. त्यांच्या क्लिनिकमध्ये मी काम करायचे.

त्याच मागे लागल्या. "ऑनलाइन दिसली नाही तर दर बदलीला शून्यापासून सुरू करशील तू. नोकरीच्या साइटवर प्रोफाइल बनव, पक्का."

फोटो त्यांनीच काढला, क्लिनिकच्या पांढऱ्या कपाटासमोर. चार वेळा. प्रत्येक फोटोत मी पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसत होते.

मग त्यांनी माझ्यासाठी शिफारस लिहिली. त्या साइटवर दुसऱ्याने लिहिलेली शिफारस आपण मान्य केली तरच लोकांना दिसते.

मी वाचली.

त्यात माझी चूक लिहिली होती.

इथून जवळच्या मुल्लानपूरचा तीन वर्षांचा मुलगा. बोलत नव्हता. मी त्याच्या आईला म्हटलं, थोडं थांबा, मुलगे उशिराच बोलतात. कान तपासायला पाठवलंच नाही.

दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं. त्याला ऐकूच कमी येत होतं.

"ताई, तेवढं काढा ना प्लीज. हे वाचून कोण मूल पाठवेल माझ्याकडे?"

"पूर्ण वाचलं का तू?"

"वाचलं. म्हणूनच म्हणतेय."

"मी नाही काढणार. खोटं पाहिजे तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घे."

मला राग आला. खरं तर राग कमी, भीती जास्त. मी ना हो म्हटलं, ना नको. चार महिने ती शिफारस तशीच पडून.

दर सोमवारी विचारायच्या. "दाबलं का बटण?"

"आज करते, ताई."

"अगं, इतकी काय घाबरून राहिली?"

आणि मग तो हार्ट अटॅक. हॉस्पिटलला पोचायच्या आतच.

परवा त्यांच्या मुलाचा मेसेज आला. तो इथेच वाढलेला, मराठी समजतं, पण उत्तर हिंदीतच. "आंटी, मम्मी के सारे अकाउंट संडे को बंद कर रहा हूँ."

आधी वाईट वाटलं. खातं बंद झालं की त्यांनी लिहिलेलं सगळंच पुसलं जाणार.

आणि खोटं कशाला बोलू, पुढच्याच क्षणी हायसं वाटलं. आता कुणाला कधीच कळणार नाही.

त्या हायसं वाटण्याची मला जितकी भीती वाटली, तितकी कशाचीच वाटली नव्हती. उद्या दुसऱ्या एखाद्या मुलाच्या बाबतीत चुकले तर मी अशीच गप्प बसेन का?

म्हणून त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं इथे मराठीत लिहिते, मूळ इंग्रजीही खाली जोडलंय.

"एका मुलाच्या बाबतीत अश्विनी चुकली. मला कळायच्या आधी ती सेक्टर ४३ च्या स्टँडवरून बस पकडून त्याच्या घरी गेली. चूक माझी आहे, असं आईवडिलांना सांगितलं. तपासणीला त्यांच्यासोबत जाऊन बसली. मगच माझ्याकडे आली. उद्या मला नातू झाला आणि तो बोलला नाही, तर मी त्याला हिच्याकडेच नेईन."

साइटवरही आज मान्य केलं. रविवारपर्यंत दिसेल तिथे.

मार्चमध्ये आम्ही आसामला चाललोय. तिथले आईबाप माझं नाव शोधतील, ही पोस्ट त्यांच्यासमोर येईल. काही जण नको म्हणतील. कदाचित सगळेच म्हणतील.

तरी ही पोस्ट मी काढणार नाही. मूल माझ्याकडे पाठवायचं असेल तर आधी हे वाचा.

मीनाताई, तुम्ही असताना हे जमलं नाही. माफ करा.

शेवटचा नमस्कार.