फोटोचा मानकरी

टेक्सासमधल्या आमच्या सॅन अँटोनियोच्या पश्चिमेकडच्या मेक्सिकन वस्तीत लग्नाचा भार एकट्यावर टाकत नाहीत. केकचा मानकरी वेगळा, वाजंत्रीचा वेगळा, फोटोचाही वेगळा. पद्धत चांगलीच आहे, तिच्याविरुद्ध मी ब्र काढणार नाही. पण फोटोचा मानकरी म्हणजे ओफेलिया सेर्तुचेच्या डोक्याला कायमचा ताप. खर्च उचलला की कॅमेऱ्यामागची बाईही आपलीच, असं या लोकांना वाटतं.

ओफेलिया आधी शिवणकाम करायची. कंबर गेली तेव्हा मशीन विकून तिनं जुना कॅमेरा घेतला. गुडघ्याला पट्टा, पायात नर्सचे बूट, तोंड तिखट. आम्ही वस्तीतले हक्कांसाठी काढतो त्या मोर्चांचे फोटो फुकट काढते आणि वर मलाच झापते, "घोषणा देताना तोंड जरा कमी उघड, पडजीभ दिसते!"

यादिराच्या लग्नात तिला एक फोटो काही झालं तरी हवा होता. नवरीची आई एर्लिंदा सीमेपलीकडे, मेक्सिकोतल्या साबिनासला. व्हिसा पुन्हा नाकारलेला. का, ते कुणी सांगत नाही, आणि विचारलं की मलाच उद्धट म्हणतात. एर्लिंदानं स्वतःच्या लग्नातला लासो पाठवला होता, वेदीपुढे गुडघे टेकलेल्या जोडप्याच्या खांद्यांवर घालतात ती दुहेरी माळ. "तो पोरीच्या खांद्यावर पडताना मला दाखव," एवढंच तिचं मागणं.

माळ पडायला आणि फोटोचे मानकरी, नवरीचे मामा एवारिस्तो, टॅब्लेट उंचावून मधोमध उभे राहायला एकच गाठ. ओफेलियाच्या कॅमेऱ्यात आली नुसती त्यांची पाठ.

"मामा, बाजूला व्हा!"

"अगं, फोटो माझ्यातर्फे आहेत!"

"आणि फोटोत तुमचंच ढुंगण आहे!"

फादरनी डोळे वटारले. पुन्हा घाला म्हणायची सोय नव्हती. मिस्सा म्हणजे देवाची उपासना, नाटकाची तालीम नव्हे.

शेवटी माळ काढायची वेळ आली तेव्हा ओफेलिया आधीच पायरीशी बसली होती, आणि मी मामांचा दंड घट्ट धरला होता. तो फोटो मिळाला.

बाहेर आल्यावर मामा म्हणतात, "घालताना काय, काढताना काय, दिसतं सारखंच. घालतानाचा म्हणून दे पाठवून."

"आई आहे ती, खुळी नाही!" ओफेलियानं त्यांच्यासमोरच एर्लिंदाला स्पीकरवर फोन लावला आणि सगळं सांगितलं.

पलीकडून एर्लिंदा भावावर कडाडली, "बैला, लहानपणापासून प्रत्येक फोटोत माझ्यापुढेच उभा राहिलास!" काढतानाचा फोटो पोचला तसा तिनं तो मोठा करून बघितला. मग म्हणाली, "पोरगी हसतेय. सुटताना सगळेच हसतात. आता या बैलाच्या पाठीचा पाठव."

"अहो, त्यात काही नाही."

"माळ पडली ती त्याच क्षणी ना? मग तोच माझा फोटो."

खराब फोटो ओफेलिया कुणाला देत नाही. दातओठ खात तिनं तो पाठवला.