दोन चिठ्ठ्यांचा मतदारसंघ आणि गुलाबकाकांचा छकडा

वर्ध्याला कुठे फिरायचं म्हणून मला विचारता, आणि शेवटी सगळे आश्रमाकडेच वळता. वळा बापडे. मी सांगते ती वाट सिंदीहून समुद्रपूरवरून गिरडला जाते. आज गाडीनं जेवणाच्या आत पोचाल. आम्हाला सत्तावन्नच्या निवडणुकीआधी तीन दिवस लागले होते, कारण आम्ही गावोगाव थांबत छकड्यातून गेलो होतो.

तेव्हा आमच्या मतदारसंघातून दोन आमदार निवडून जात, एक सर्वसाधारण जागेवर आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन चिठ्ठ्या, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत टाकायच्या नाहीत. राखीव जागेवर माझे बाबा होते. सर्वसाधारण जागेवर गुलाबकाका, मोठे शेतकरी, तोंडाचे फटकळ. पहिल्या निवडणुकीत दोघं काकांच्याच छकड्यात फिरले होते.

मग छप्पनला आम्ही नागपूरला दीक्षा घेतली, बौद्ध झालो. आणि तेव्हाच्या कायद्यात राखीव जागा बौद्धांना नव्हती! अर्जात ‘हिंदू’ लिहिलं तर जागा राहणार, नाहीतर गेली. अर्ज भरणार मी. नुकतीच मॅट्रिक झाले होते, आणि बाबांचं अक्षर खुद्द बाबांनाही लागत नसे. मी टाक हातात धरून बसले, तर बाबा म्हणाले, “थांब. मले गावानं निवडून देलं. गावालेच विचारतो.”

“लिहून टाक ना लेका एक शब्द!” शेजारी बसलेले काका ओरडले. “काऊन जिवाले घोर लावून घेतो? बरं, हिंडून ये. छकडा ने माहा.”

पहिला दिवस सिंदीतच गेला. कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली, हमालांच्या भुवया कापसानं पांढऱ्या. त्यांनी फार विचार केला नाही. “लिहा साहेब. कागदच तो. तुमी गेले तं आमच्या विहिरीचं कोन बोलीन?” खोटं नव्हतं. मलाही ते पटलं, हे कबूल करते. आमदाराची मुलगी म्हणून मिरवायला मला आवडायचं.

दुसऱ्या दिवशी समुद्रपूरच्या वाटेवर काळ्या मातीच्या चाकोऱ्यांनी हाडं खिळखिळी झाली. आता डांबर आहे, सुखी आहात. दुपारी एका वस्तीवर सखूबाई नावाच्या मजूर बाईकडे जेवलो. तुरीच्या ओल्या दाण्यांची झणझणीत भाजी, ज्वारीची गरम भाकर. थंडीत गेलात तर हीच मागा, तिथे जाऊन पनीर कसलं मागता!

बाबांनी तिलाही विचारलं. भाकर थापता थापता ती म्हणाली, “दीक्षा घेतली तवा मी देव्हारा खाली केला. मांगच्या महिन्यात पोराले ताप आलता. शेजारीन म्हने, देव परत ठेव. रातभर पोराजवळ बसून होती मी, पन नाई ठेवला.” मग तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, “तुमी खुर्चीसाठी ठेवून राह्यले का, साहेब?”

माझी मान खाली गेली ती गेलीच. पोरगा अंगणात खेळत होता, बरा झालेला.

तिसऱ्या दिवशी गिरड. टेकडीवर दर्गा आहे. चढायला तिकीट नाही, गुडघे तेवढे लागतात. वर सगळ्या जातीधर्माचे लोक, आणि वारा असा की पदर सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. बाबा पायरीवर बसले आणि म्हणाले, “सर्वसाधारण जागेचा अर्ज भर. तिथं धर्म विचारत नाई.”

“पण ती गुलाबकाकांची जागा आहे!”

“हो,” म्हणाले, आणि बैल जुंपायला उठले.

काका दारातच होते. बाबांनी बैल सोडले, त्यांना पाणी दाखवलं आणि मगच सांगितलं. काकांचा चेहरा लाल झाला. “माह्याच छकड्यात फिरून माह्याच विरोधात?” दार धाडकन लावून घेतलं. आम्ही घरापर्यंत चालत आलो. बाबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बाबा हरले, सपाटून. काका निवडून आले. निकालाच्या संध्याकाळी आमच्या दाराशी छकडा थांबला. काका आत आले आणि गळ्यातला हार काढून खाटेवर टाकला.

“दोन चिठ्ठ्या होत्या मले,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. “एक माह्या पेटीत टाकली. दुसरी तुह्या.”

बाबा म्हणाले, “मग माही दुसरी कोनाच्या पेटीत गेली असंन?”

दोघं असे हसले की आई चुलीपुढून उठून बघायला आली.

पुढे दोन आमदारांचे मतदारसंघ मोडले, गावं इकडेतिकडे वाटली गेली. मी मतदार झाले तेव्हा हातात एकच चिठ्ठी आली. त्या वाटेवर परवा पुन्हा जाऊन आले. सखूबाईची वस्ती आहे, सिंदीत हमालांची विहीरही झालीय. राखीव जागेचा तो कोराच राहिलेला अर्ज माझ्या पेटीत आहे. इतक्या निवडणुका झाल्या, पण मत देऊन बाहेर पडताना मला दर वेळी वाटतं, माझी एक चिठ्ठी टाकायची राहिली.